पाळी, फासे आणि गहाणखत

काशीच्या मणिकर्णिका घाटावर दिवस आणि रात्र असा भेद राहत नाही. एक चिता विझत आली की शेजारी दुसरी पेटते. गंगेच्या पात्रातून जाणाऱ्या नावेतून पाहिले तर मध्यरात्रीही त्या पायऱ्यांवर उजेड असतो आणि लाकडांच्या प्रचंड राशींमागून धूर वर चढत असतो. विष्णूने चक्राने खोदलेले पुष्करिणी कुंड, त्या कुंडात पडलेला कानातील मणी, मरणाऱ्याच्या कानात तारकमंत्र सांगणारा विश्वनाथ, या कथा मराठी यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. परंतु या घाटाची आणखी एक बाजू आहे. यात्रेकरूचे मन त्या वेळी दुसरीकडे गुंतलेले असल्यामुळे तिच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. ती बाजू जमाखर्चाची होय. मोक्ष जेथे मिळतो तेथे कित्येकांचा संसारही चालतो, आणि संसार म्हटला की कर्ज आलेच.

चितेला लागणारा अग्नी डोमांकडून घ्यावयाचा, ही काशीची जुनी रीत. राजा हरिश्चंद्राला ज्याने विकत घेतले त्याचे वारस म्हणून डोम समाजाचा निर्देश केला जातो, आणि त्यांच्या प्रमुखाला डोमराजा म्हणतात. अग्नीबद्दल जे द्यावयाचे त्याचा दर ठरलेला नसतो. मृताच्या घरची परिस्थिती, त्याच्या नातलगांची दानत आणि थोडीफार घासाघीस यांवर ते अवलंबून. आज एखाद्या सधन व्यापाऱ्याचे प्रेत येईल, उद्या खेड्यातून वर्गणी करून आणलेले. हे उत्पन्न घाटावरील कुटुंबांत पाळीने वाटलेले असते. अमुक दिवस अमुक घराचे, ही वाटणी बापाकडून मुलांकडे येते, मुलांत पुन्हा विभागली जाते, आणि पिढ्या वाढत जातात तशी एकेकाच्या वाट्याची पाळी लहान होत जाते. मृताच्या नावाने दहा दिवस दान घेणाऱ्या महाब्राह्मणांचीही अशीच पाळीची पद्धत आहे. महाराष्ट्रात किरवंतांच्या वाट्याला जे काम आणि जी उपेक्षा आली तीच तेथे त्यांच्या वाट्याला आली.

आता या पाळीचा एक विशेष पाहा. आपल्या दिवशी किती प्रेते येतील हे पाळीवाल्याला सांगता येत नाही. जी येतील ती श्रीमंताची की गरिबाची, हेही त्याला ठाऊक नसते. इतकी बेभरवशाची मिळकत शोधूनही सापडावयाची नाही. आणि तरीही ही पाळी गहाण पडत आली आहे. अडीअडचणीला पाळीवर पैसे उचलावयाचे आणि ती फिटेपर्यंत धनकोच्या स्वाधीन करावयाची, हा व्यवहार घाटावर नवा नाही. ज्याला उद्याचे सांगता येत नाही त्याला पैसे देणारा माणूस तेथे मिळतो.

याच्या उलट उदाहरण आजच्या शहरांतून पाहावयास मिळते. पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळावर उपजीविका करणारे काही तरुण आज भारतात आहेत. त्यांतील एखाद्याच्या खात्यावर वर्षाकाठी बऱ्या नोकरदारापेक्षा अधिक रक्कम जमा होते. परंतु घर घेण्यासाठी तो बँकेत जातो तेव्हा अर्जातील व्यवसायाच्या रकान्याशीच गाडी अडते. मरणावर अवलंबून असणाऱ्या उत्पन्नाला तारण म्हणून मान, आणि पत्त्यांवर अवलंबून असणाऱ्या उत्पन्नाला नकार, हा भेद कोठून आला? जुगार वाईट आणि धर्मकृत्य चांगले, एवढे उत्तर पुरेसे वाटेल. पण सावकार हा प्राणी नीतिशास्त्रावर चालत नसतो. त्याच्या नकाराची कारणे अधिक जुनी आणि अधिक व्यावहारिक आहेत.

पाळी हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. देवळोदेवळी गुरवांच्या आणि पुजाऱ्यांच्या पाळ्या आहेत. पंढरपुरास तर या पाळीचा लिलावच होत असे. विठ्ठलापुढे येणारे उत्पन्न घेण्याचा हक्क बडव्यांकडे होता. त्यांच्यात बोली लागे. ज्याची बोली सर्वांत मोठी त्याने ती रक्कम द्यावयाची आणि त्या दिवशी देवापुढे जे पडेल ते घ्यावयाचे. एकादशीचा दिवस आणि भर उन्हाळ्यातला कोरडा दिवस यांत जमीनअस्मानाचे अंतर. बोली बोलणारा ते मनात धरूनच आकडा सांगे. हा एका परीने जुगारच होता, आणि त्याचा भार अखेर वारकऱ्यांवर पडे. बोलीची रक्कम सुटावी म्हणून दर्शनाला आलेल्या गोरगरिबांकडे दक्षिणेचा तगादा लागे. या तक्रारी इतक्या वाढल्या की शासनाने न्यायमूर्ती नाडकर्णी यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा होऊन वंशपरंपरागत हक्क रद्द ठरले, आणि त्यावरील न्यायालयीन लढा २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. तोपर्यंत मात्र अनिश्चित उत्पन्नाचा निश्चित भाव रोज ठरत होता, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी बोलकी आहे.

अशा उत्पन्नाला मालमत्ता म्हणावे काय, हा प्रश्न धर्मशास्त्रकारांना फार पूर्वीच पडला होता. याज्ञवल्क्याने आजोबांच्या मिळकतीत भूमी आणि द्रव्य यांच्याबरोबर निबंध नावाची तिसरी वस्तू सांगितली. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने राहिलेल्या विज्ञानेश्वराने आपल्या मिताक्षरेत तिचा अर्थ उलगडून दाखवला. पानांच्या एका भाऱ्यामागे इतकी पाने, सुपारीच्या एका भाऱ्यामागे इतक्या सुपाऱ्या, असा नेमून दिलेला जो हक्क तो निबंध. यातली खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. भारे किती येतील याची शाश्वती विज्ञानेश्वर मागत नाही. भारा आला की त्यातील वाटा कोणाचा, एवढेच पक्के असले म्हणजे त्याला पुरे. ही व्याख्या इंग्रजी अमदानीतही जिवंत राहिली. गावच्या जोशी-उपाध्यायांच्या वृत्तीचे तंटे मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायाधीशांनी निबंधाचाच आधार घेऊन वंशपरंपरागत वृत्तीला स्थावराच्या पंक्तीत बसवले. गुजरातेतील तोडा गिरास हक्काच्या वादात १८७३ साली प्रिव्ही कौन्सिलनेही तोच मार्ग धरला. लंडनच्या न्यायपीठावर बसलेल्या इंग्रज न्यायाधीशांनी पानांच्या भाऱ्याचा विचार करावा, हा इतिहासातला एक गमतीचा प्रसंग म्हटला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर, १९७९ साली, वैष्णोदेवीच्या बारीदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा निराळ्या रूपाने आला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या संभवाचे हस्तांतरण होऊ शकत नाही. बाप मेल्यावर आपल्याला काही मिळेल, ही मुलाची आशा तो विकू किंवा गहाण ठेवू शकत नाही. मग देवापुढे पडणारे द्रव्य हाही असा नुसता संभवच नव्हे काय? न्यायालयाने नाही म्हणून सांगितले. द्रव्य कमीजास्त पडेल, पण यात्रेकरू येणार आणि काहीतरी वाहणार हे निश्चित. तेव्हा हक्क पक्का आणि केवळ त्याचे परिमाण अनिश्चित, असा त्याचा अभिप्राय होता. त्या हक्काला सेवेचे कर्तव्य जोडलेले असल्यामुळे तो वाटेल त्या परक्याला देता येणार नाही, ही मर्यादाही न्यायालयाने सांगितली. मणिकर्णिकेला हा न्याय लावून पाहिला तर पाळीचे रहस्य उलगडते. काशीत उद्या किती माणसे मरतील हे कोणी सांगू शकत नाही. कोणीच मरणार नाही असे मात्र कोणीही म्हणणार नाही.

परंतु पाळीवर कर्ज मिळण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते गहाणाच्या प्रकारात दडलेले आहे. जुन्या मराठी व्यवहारात गहाणाचे दोन मुख्य प्रकार असत. ताबेगहाणात वस्तू धनकोच्या कबजात जाई आणि तिचे उत्पन्न तोच खाई. नजरगहाणात वस्तू ऋणकोजवळच राही; धनकोची तिच्यावर फक्त नजर असे. पाळीचे गहाण हे पहिल्या जातीचे. पाळीचा दिवस उगवला की त्या दिवशीची आवक धनको घेतो. चांगला दिवस निघाला तर त्याचे नशीब, वाईट निघाला तर त्याचेच दुर्दैव. ऋणको नियमित हप्ता देऊ शकेल काय, तो काटकसरी आहे की उधळ्या, याची चौकशी धनकोला फारशी करावी लागत नाही. अनिश्चितपणाचे ओझे ऋणकोच्या डोक्यावरून उतरून धनकोच्या डोक्यावर गेलेले असते. म्हणून तो माणसाची परीक्षा करीत नाही, पाळीची करतो.

फासे खेळणाऱ्याजवळ अशी सोपवून देण्याजोगी वस्तू कोणती? त्याचे कौशल्य. आणि कौशल्य गहाण पडत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त हे या दृष्टीने वाचले पाहिजे. त्याला नीतिपाठ म्हणून फार प्रसिद्धी मिळाली, पण ते पत गेलेल्या माणसाचे चित्रही आहे. सासू त्याचा द्वेष करते, बायको त्याला दूर लोटते, संकटात हात देणारा कोणी भेटत नाही. विकावयास काढलेल्या म्हाताऱ्या घोड्यासारखी त्याची गत होते. आई, बाप आणि भाऊ त्याला ओळख देत नाहीत. याला बांधून खुशाल घेऊन जा, असे म्हणतात. कर्जाने गांजलेला तो रात्री दुसऱ्याच्या घरी जातो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कवीला एक गोष्ट नेमकी उमगली होती. जुगाऱ्याची पत प्रथम घरात बुडते, बाजारातील पत त्यानंतर जाते.

स्मृतिकारांनी याला कायद्याचे रूप दिले. बापाचे ऋण मुलाने फेडावे, हा आपल्याकडचा मोठा दंडक. तो इतका खोल रुजलेला होता की काशीत मणिकर्णिकेच्या अगदी शेजारी कललेले जे देऊळ आहे, त्याच्याविषयी लोक अशी कथा सांगतात की आईचे ऋण फेडले असे म्हणून कोणी ते बांधले आणि म्हणूनच ते खचले. अशा समाजातही याज्ञवल्क्याने अपवाद काढले: बापाने दारूपायी, कामापायी आणि द्यूतापायी केलेले ऋण मुलाने देऊ नये. सावकाराच्या बाजूने याचा अर्थ भयंकर होता. शेतकऱ्याला दिलेले कर्ज पिढ्यान्‌पिढ्या वसूल करता येई. जुगाऱ्याला खेळासाठी दिलेले कर्ज त्याच्या चितेबरोबर जळून जाई. शहाणा सावकार अशा ठिकाणी हात आखडता घेणारच.

गंमत अशी की द्यूत सर्वांनाच वर्ज्य नव्हते. मनूने राजाला ते बंद करावयास सांगितले. कौटिल्याने मात्र त्यावर अध्यक्ष नेमला, खेळ एका ठिकाणी आणला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेण्याची व्यवस्था केली. याज्ञवल्क्यानेही अड्डा चालवणाऱ्या सभिकाचा वाटा ठरवून दिला: मोठ्या पैजेवर शेकडा पाच, लहान पैजेवर शेकडा दहा. त्यातून राजाचा भाग द्यावयाचा आणि जिंकणाऱ्याला त्याचे पैसे मिळवून द्यावयाचे. मराठीत याला नाल म्हणतात. नाल काढणाऱ्याला कोण हरला आणि कोण जिंकला याचे सोयरसुतक नसते. प्रत्येक डावामागे त्याचा वाटा ठरलेला. पानांच्या भाऱ्यातील पानांसारखाच तो आहे. म्हणजे एकाच पटावर बसलेल्या दोघांपैकी अड्डेवाल्याचे उत्पन्न निबंधाच्या जवळ जाते आणि खेळाडूचे नुसत्या संभवाच्या. शास्त्राने कितीही नाके मुरडली तरी पैसे लावणाऱ्याने नेहमी पहिल्याला पसंत केले आहे.

मणिकर्णिकेचा मराठ्यांशी जो संबंध आला त्यातही हा भेद दिसून येतो. या घाटाच्या बांधकामाकडे पहिल्या बाजीरावाचे लक्ष १७३० नंतरच्या दशकात गेले. काशीत त्याचे काम पाहणाऱ्या सदाशिव नाइकांकडे ती व्यवस्था होती. त्याची आई राधाबाई हिची गाजलेली उत्तरयात्रा १७३५ ची. याच काळात बाजीराव स्वतः कर्जात बुडालेला होता. फौज वर्षभर पोसावयाची आणि चौथ-सरदेशमुखी पदरात पडेल ती स्वारी यशस्वी झाली तर. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींसारख्या गुरूकडून घेतलेल्या रकमाही त्याला सुखाने झोपू देत नव्हत्या, कारण स्वामी आशीर्वाद देताना हिशेब विसरत नसत. १७४० साली रावेरखेडीस बाजीरावाचा अंत झाला, तेव्हा बारामतीचे बाबूजी नाईक हे सावकार आणि सोयरे असूनही नानासाहेबाच्या आड उभे राहिले. पेशवाईवरच त्यांचा डोळा होता. ज्याची मिळकत तलवारीच्या फेकीवर अवलंबून, त्याला कर्ज देणारा धनको अखेर तारण म्हणून त्याच्या पदाकडे पाहू लागतो.

या अनिश्चिततेवर पेशवाईने काढलेला तोडगा म्हणजे रसद. मामलतीचा कमाविसदार नेमताना त्याने येणाऱ्या वसुलापैकी काही रक्कम सरकारात आगाऊ भरावयाची, सरकारने ती व्याजासह पुढे वळती करून द्यावयाची. व्याज दरमहा दर शेकडा एक ते दीड रुपया. कमाविसदार ती रक्कम बहुधा सावकाराकडून उचली. पाऊस पडेल की नाही, शत्रूची धाड येईल की नाही, हा सगळा धोका अशा रीतीने सरकारच्या अंगावरून कमाविसदाराच्या, त्याच्या अंगावरून सावकाराच्या आणि शेवटी रयतेच्या अंगावर उतरे. थोरल्या माधवरावाला हे दिसत होते. थेऊरास क्षयाने अंथरूण धरले असताना मृत्यूपूर्वी काही आठवडे त्याने जी कलमे लिहवून ठेवली, त्यांत प्रथम आपले कर्ज फेडावे, खासगीतून काढूनही फेडावे, असे सांगितले. वसुलाच्या पद्धतीने रयतेला होणारा जाच दूर करावा असे सांगितले. आणि प्रयाग व काशी ही क्षेत्रे सोडवावीत, ही वडिलांची इच्छा होती, असेही सांगितले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तो गेला. कर्ज आणि काशी एकाच कागदावर यावीत यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी मरणाऱ्या त्या पुरुषाला इहलोकीचे ऋण आणि पूर्वजांचे ऋण वेगळे वाटत नव्हते. काशी मात्र सुटली नाही. १७७५ साली ती अयोध्येच्या नबाबाकडून इंग्रज कंपनीकडे गेली.

त्याच घाटाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या अखेरीस अहल्याबाई होळकरांनी केला. त्यांच्या दानधर्माचा पैसा खासगीतून येई. खासगी म्हणजे दौलतीच्या जमाखर्चापासून वेगळे ठेवलेले, नेमून दिलेल्या गावांचे उत्पन्न. स्वारीत जय होवो वा पराजय, त्या गावांचा वसूल ठरल्याप्रमाणे येत राही. बाजीरावाच्या पराक्रमापुढे खासगीची वही नीरस वाटेल, पण अहल्याबाईंची देवळे, घाट आणि अन्नछत्रे देशभर उभी राहिली ती या नीरस वहीच्या बळावर.

एकोणिसाव्या शतकात न्यायालये आली आणि गहाणाचे रूप पालटले. दख्खनच्या शेतकऱ्याची मिळकत पावसाच्या लहरीवर. तरीही सावकार त्याला देत राहिला, कारण आता जमीन हुकूमनाम्याने विकून घेता येत होती. त्याचा परिणाम १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात दिसला. जमावाने सावकारांची घरे गाठली आणि खतपत्रे जाळली. चार वर्षांनी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला.

पैजेच्या व्यवहारांविषयीही याच सुमारास कायदे झाले. १८७२ च्या करार कायद्याने पैजेचा करार रद्दबातल ठरवला; जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्याने तर सात वर्षे आधीच, कापसाच्या तेजीने शहराला वेड लावले होते त्या १८६५ सालात, याहून कडक कायदा केला होता. त्याने पैजेला पूरक असे करारही, म्हणजे पैजेसाठी दिलेले कर्ज किंवा त्यासाठी केलेली भागीदारी, रद्द ठरवले. १९५९ साली घेरूलाल पारख यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. हापूडच्या धान्यबाजारात सट्टा करण्यासाठी दोघांनी भागीदारी केली होती. तोटा आल्यावर एकाने हात वर केले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी निर्णय दिला की पैज रद्दबातल असली तरी बेकायदा नाही, तेव्हा तिला पूरक असलेली भागीदारी टिकते. मुंबईच्या कायद्याखाली ती टिकली नसती. याचा परिणाम चमत्कारिक आहे. पैजेसाठी दिलेले कर्ज काशीच्या न्यायालयात वसूल होऊ शकेल, मुंबईच्या नाही.

पत्ते किंवा फासे न खेळताही माणूस आपले सर्वस्व पणाला लावू शकतो. त्र्यंबकेश्वरास जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली नेमके हेच करीत होते. नोकरी नाही, धंदा मोडलेला, डोळे अधू झालेले, आणि डोक्यात हलत्या चित्रांचा ध्यास. अशा माणसाला कर्ज कशावर मिळावे? त्यांनी वाटाण्याचे रोप उगवून वाढतानाचे चित्रण करून दाखवले, त्यामुळे छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी नाडकर्णी यांचा विश्वास बसला. तारण म्हणून मात्र पुढे आल्या त्या आयुर्विम्याच्या पॉलिसी. बारा हजारांच्या पॉलिसींवर दहा हजार रुपये मिळाले आणि फाळके लंडनला जाऊन यंत्रे घेऊन आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात जो चित्रपट लागला, त्याचा नायक ऋण फेडण्यासाठी काशीच्या बाजारात स्वतःला विकणारा आणि स्मशानात राबणारा राजा हरिश्चंद्र होता. पुढे भागीदारांशी बिनसल्यावर फाळके सहकुटुंब काशीतच जाऊन राहिले आणि ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी तेथेच लिहिले.

आयुर्विमा हाही वरवर पाहता मरणावर लावलेली पैजच. अठराव्या शतकात इंग्लंडात लोक परक्या माणसांच्या आयुष्यावर खरोखरीच विमे उतरवून जुगार खेळत. १७७४ साली पार्लमेंटला कायदा करून ते थांबवावे लागले. ज्याच्या जगण्यात आपले हित नाही त्याचा विमा उतरवता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले, आणि विमा व पैज यांची फारकत झाली. फाळक्यांना कर्ज मिळाले ते त्यामुळे. त्यांच्या प्रतिभेचा भाव धनकोला ठरवता आला नसता. त्यांच्या मरणाचा भाव विमा कंपनीने आधीच ठरवून कागदावर दिलेला होता. मणिकर्णिकेच्या पाळीचे हे दूरचे भावंड म्हणावयास हरकत नाही.

आता पुन्हा त्या पत्ते खेळणाऱ्या तरुणाकडे वळावयाचे. पोकर हा खेळ सर्वस्वी दैवाचा नाही. प्रत्येक पानाची शक्यता मनात मोजावयाची, समोरच्याच्या पैजेवरून त्याचा हात ताडावयाचा, आपली पाने चेहऱ्यावर उमटू द्यावयाची नाहीत आणि वाईट हात वेळीच टाकून द्यावयाचा, यात अभ्यास आहे. तथापि एका रात्रीत उत्तम खेळाडूही हरतो. त्याचे कौशल्य हजारो डावांच्या बेरजेतच दिसते. दिवस बेभरवशाचा, वर्ष बरेचसे अंदाजात. येथवर तो आणि घाटावरचा पाळीवाला सारखेच. पण पाळी मुलाकडे जाते, खेळाडूचे डोके जात नाही. पाळीचा ताबा देता येतो, उद्याच्या डावाचा देता येत नाही.

तो म्हणतो, घर तर तारण आहेच. हे खरे आहे. पण गृहकर्ज हे नजरगहाण होय. कर्ज घेणारा घरात राहतो आणि बँक वीस-वीस वर्षे त्याच्या हप्त्याची वाट पाहते. तिला घर नको असते, हप्ता हवा असतो. घर विकून पैसे काढणे हा तिच्या दृष्टीने शेवटचा आणि त्रासाचा उपाय. म्हणूनच जुन्या सावकाराने जी चौकशी कधी केली नाही ती बँक करते: महिना किती मिळतो, कोठून मिळतो, दोन-तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रे कोठे आहेत. पगारदाराला या नजरगहाणाचा सर्वाधिक लाभ झाला, कारण त्याची पाळी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येते.

खेळाडूची विवरणपत्रे पाहिली तर अडचण वाढतेच. पत्त्यांतील जिंकलेल्या रकमेवर आयकराचा दर सरळ शेकडा तीस. लॉटरी लागलेल्याच्या पंक्तीला त्याला बसवलेले. धंद्यातील नफ्यासारखा त्या उत्पन्नातून खर्च वजा होत नाही. म्हणजे वर्षानुवर्षे नेमाने खेळणारा आणि एकदाच सोडत लागलेला, हे दोघे कागदावर सारखेच दिसतात. त्यात कायद्याचा सूर एक नाही. १८६७ च्या जुगारविरोधी कायद्याने कौशल्याच्या खेळांना वगळले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानले. पोकरला गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली जुगार ठरवले, तर काशी ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्या अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने २०२४ साली तो कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. आणि २०२५ साली संसदेने कौशल्य आणि दैव हा भेद बाजूस सारून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला. ज्यांची मिळकत संगणकाच्या पडद्यावरून येत होती त्यांचा उदरनिर्वाह संसदेच्या एका अधिवेशनात धोक्यात आला. गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजांवरील कॅसिनोंची गोष्ट निराळी. तेथेही नाल काढणारा निर्धास्त आणि खेळणारा अधांतरी.

याला बँकेचा दुराग्रह म्हणता येणार नाही. वीस वर्षांचे कर्ज देताना वीस वर्षे टिकणारी वस्तू तिला पाहावयाची असते, आणि या व्यवसायाची कायदेशीर स्थिती दोन वर्षेही एक राहिली नाही. पण बँकेच्या तराजूत एक खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. नट, गवई, चित्रकार, वकिली नुकती सुरू केलेला तरुण, पावसावर जगणारा कोरडवाहू शेतकरी, या सर्वांना ती याच तराजूत घालते. महिन्याच्या महिन्याला न येणारे उत्पन्न म्हणजे नसलेले उत्पन्न, असा तिचा हिशेब असतो. बेरीज करून पाहण्याची तिला सवय नाही. घाटावरचा निरक्षर धनको निदान वर्षाची बेरीज करीत होता.

तेव्हा असा खेळाडू काय करतो? तो जमाखर्च व्यवस्थित ठेवतो, कर वेळेवर भरतो, घराच्या किमतीचा मोठा भाग रोख आणतो, आणि उरलेल्या कर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून बहुधा बायकोची सही घेतो. तिची नोकरी असते, तिच्या पगाराची पावती दर महिन्याला निघते. अक्षसूक्तातील बायकोने त्याला दूर लोटले होते. येथे तिच्याच पगारावर कर्जाचा आकडा ठरतो, आणि घराच्या खरेदीखतावर बहुधा तिचेच नाव आधी लिहिले जाते.